सुस्त पेशी

डॉक्टरीणबाई मनाने चांगल्या होत्या, हसतमुख होत्या, पण कुठला शब्द कुणापुढे टाकावा याची त्यांना मुळीच पोच नव्हती.

"धाकट्या बहिणीच्या पेशी छान वाढल्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या जरा सुस्त निघाल्या."

सुस्त! थोरली खुर्चीत ताठ झाली. उजाडायच्या आत उठणारी, आईचं पथ्यपाणी उरकून रफूचं दुकान उघडणारी, दिवसभर मान मोडून लोकांच्या कोटांची भोकं बुजवणारी आणि घरी परतल्यावर चपला काढायच्या आधी आईच्या पायांची सूज दाबून बघणारी बाई ती. लोकांनी तिला आजवर तापट म्हटलं होतं, तोंडाळ म्हटलं होतं. नवऱ्याने तर एकदा भर पाहुण्यांत तोफखाना म्हटलं होतं. सुस्त मात्र कुणी म्हटलं नव्हतं.

"वयोमानाने होतं असं," डॉक्टरीणबाईंनी समजूत घातली. "यात तुमचा काही दोष नाही हो."

शेजारच्या खुर्चीतली धाकटी लगेच म्हणाली, "ताई, कुणाच्या का असेनात, आईला मिळाल्याशी कारण." जिच्या वाढल्या तिला असं बोलायला काय जातंय, असं थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं, आणि गिळलेलं तिला कधीच पचत नसे.

गोष्ट अशी होती की आईच्या दोन्ही किडन्यांमध्ये व्रण पडत चालले होते. अंगावरची जखम भरली की ती जागा टणक होते, तसंच आत होत होतं, आणि टणक झालेला भाग रक्त गाळत नाही. व्रण पसरत गेले तर आईच्या नशिबी डायलिसिसचं मशीन होतं. मशीनला आई घाबरत होती आणि आईपेक्षा थोरली जास्त घाबरत होती. तेवढ्यात या इस्पितळात नवा प्रयोग निघाला. घरच्या निरोगी माणसाच्या पोटावरची चमचाभर चरबी काढायची, तिच्यातल्या मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि त्या रोग्याच्या शिरेतून आत सोडायच्या. आईच्या स्वतःच्या पेशी आजाराने थकलेल्या, म्हणून दोघी मुलींनी चरबी दिली. "पडलेला व्रण पुसला जाईल असं मी म्हणणार नाही," डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं. "पसरायचा थांबला तरी आपण जिंकलो."

थोरलीने पोटावर पट्टी बांधून घेतली त्या दिवशी तिच्या मनात पेशीबिशी काही नव्हतं. मनात एकच होतं, आपण आईला वाचवणार. इतकी वर्षं आपणच वाचवत आलो, हेही आपणच करणार. आणि बघा, ऐन वेळी कोण पुढे गेलं, तर दुसऱ्या गावात तलावाच्या काठावर शिट्टी फुंकून पोरांना पोहायला शिकवणारी धाकटी. ती वर्षातून दोनदा यायची, येताना आईला मऊ गाऊन आणायची, हसवायची आणि निघून जायची.

घरी आल्यावर थोरली पोट धरून बसली. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि तोंडाला कुलूप लावणं त्यालाही जमत नव्हतं.

"पोटात दुखतंय?" त्याने विचारलं. "टाक्यांमुळे की बहिणीमुळे?"

"तुमच्या जिभेला हाड नाही!"

"अगं, मला तर बरं वाटलं. इतकी वर्षं वाटत होतं, घरात सुस्त मी एकटाच."

थोरलीने त्याच्यावर उशी फेकून मारली, आणि ती त्याला लागली नाही याचाही तिला राग आला.

पेशी द्यायच्या दिवशी आईला पलंगावर टेकून बसवलं. पिशवीतलं पाणी किंचित गढूळ होतं, तांदळाच्या धुवणासारखं. पेशी तळाला बसू नयेत म्हणून नर्स पिशवी हळूहळू डोलवत होती. थोरली हातात भांडं धरून उभी, मळमळलं तर लागेल म्हणून. धाकटी आईच्या उशाशी. आई नळीकडे टक लावून बघत होती आणि अचानक लहान मुलीसारखी हसली.

"ही बघ, धाकटी चालली आत! एकदा पोटातून बाहेर काढली होती, आता परत आली."

सगळे हसले. नर्स हसली, डॉक्टरीणबाई हसल्या, धाकटीचे तर डोळेच भरले. थोरलीने हातातलं रिकामं भांडं उगाचच फडक्याने पुसलं. आपणही याच पोटातून आलो, आणि आधी आलो, हे सांगायची ही जागा नव्हे एवढं तिला कळत होतं. कळत होतं म्हणून तर जास्त झोंबत होतं.

त्यानंतर आईला नाद लागला. सकाळी जरा बरं वाटलं की म्हणायची, "आज धाकटी जोरात कामाला लागलीय." पायांची सूज उतरली तर धाकटीने उतरवली, झोप चांगली लागली तर धाकटीने लावली. थोरली रोज बटाटे बारीक चिरून पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकून दुसऱ्या पाण्यात उकडायची, तेही पाणी फेकायची, कारण बटाट्यातलं पोटॅशियम आजारी किडनीला झेपत नाही. आईच्या पाण्याच्या पेल्यावर तिने लाल दोरा बांधला होता. दोऱ्याच्या वर पाणी जाता कामा नये, दिवसभराचा हिशेब त्यावरच. हे सगळं ती वर्षानुवर्षं करत होती, आणि कुणी कधी म्हटलं नव्हतं की आज थोरली जोरात आहे.

धाकटी रजा काढून राहिली होती. ती आईला खिडकीशी बसवून तिचे केस विंचरायची आणि दोघी खुसूखुसू हसायच्या. थोरली दारात दिसली की हसू थांबायचं. खरं तर थांबायचं नाही, पण थोरलीला तसं वाटायचं, आणि जळणाऱ्या माणसाला वाटणंच पुरतं.

पुढच्या तपासणीला थोरलीने मुद्दाम विचारलं, "डॉक्टर, त्या पेशी आता आईच्या किडनीत कायमच्या राहणार का?"

"छे छे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोड्या दिवसांत नाहीशा होतात. तिथे जाऊन किडनी बनत नाहीत त्या. आतल्या पेशींना खुणावतात, सूज शमवतात, व्रण पसरू नका म्हणून सांगतात आणि संपतात."

थोरलीला इतका आनंद झाला की तिने परतताना टॅक्सीवाल्याशी भांडणसुद्धा केलं नाही. त्या रात्री जेवताना तिने विषय काढलाच.

"आई, ऐकलंस ना? धाकटी काही तुझ्यात मुक्कामाला राहिलेली नाही. कच्चा टाका होता तो. काम झालं की ओढून टाकायचा."

आईने चमचा खाली ठेवला. रफूचं दुकान मूळचं आईचं, आणि सुई कशी धरायची हे थोरलीला तिनेच शिकवलं होतं.

"कच्चा टाका नसला की पक्की शिलाई वाकडी जाते," आई म्हणाली. "विसरलीस काय?"

झालं! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ताट उचलून ती स्वयंपाकघरात गेली आणि खुंटीवरचा एप्रन आणून धाकटीच्या हातात कोंबला. "घे. आत तुझं राज्य आहे, बाहेरही तुझंच असू दे. उद्यापासून आईचं खाणंपिणं तू बघ."

"ताई, मला ते सगळं नीट येत नाही गं. सांगशील ना?"

"पाण्याचा दोरा दिसतोय, बटाट्याची रीत बघितली आहेस. आणखी काय सांगायचं? हुशार आहेस तू. वाढतेस भराभर."

दोन दिवसांनी थोरली दुकानातून जेवायला घरी आली तर आई सूप भुरके मारत पीत होती. तिच्या चेहऱ्यावर असा उजेड थोरलीने कैक दिवसांत पाहिला नव्हता.

"चव बघ, चव!" आई म्हणाली. "अळणी खाऊन खाऊन माझी जीभ मेली होती. हिने कसलंसं मीठ शोधून आणलंय, त्यात सोडियम नसतंच म्हणे. इतके दिवस कुणाला सुचलं नाही."

धाकटी लाजून म्हणाली, "दुकानदार म्हणाला, रक्तदाबवाले हेच नेतात."

थोरली स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर पाकीट होतं, त्यावर लाल बदाम छापलेला. तिने ते हातात घेतलं, पण मागची बारीक अक्षरं वाचायची तिला गरज नव्हती. आईचा आजार कळला त्याच आठवड्यात पथ्य सांगणाऱ्या बाईंनी तिला बजावलं होतं: सोडियम काढलेल्या मिठात पोटॅशियम घातलेलं असतं, धडधाकट माणसाला चालतं, तुमच्या आईला ते विष आहे, हृदयावर जातं. त्यासाठीच तर ती बटाट्यांची दोन-दोन पाणी फेकत आली होती. आणि इथे ते चमचा चमचा सुपात पडत होतं.

आता तिने बाहेर जाऊन वाटी काढून घ्यायला हवी होती. पाय उचललाही होता. तेवढ्यात बाहेरून आईचा आवाज आला, "हिच्या हातालाच चव आहे बाई."

थोरलीचा पाय तिथेच राहिला.

परवा रक्त तपासायचं आहेच, तिच्या मनात आलं. आकडा वर गेलेला दिसेल. डॉक्टरीणबाई विचारतील हे कुणी केलं, आणि मग आईला कळेल चव कुणाच्या हाताला आहे आणि जीव कुणाच्या हाताने टिकलाय. दोन दिवसांत काय होतंय? तिने पाकीट होतं तिथे ठेवलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "मी दुकानात जाते. गिऱ्हाईक यायचंय."

"जेवली नाहीस ताई?"

"भूक नाही."

दुकानात कुणी यायचं नव्हतं. एक काळा कोट रफूला पडला होता, कोपरावर भोक. थोरलीने सुई घेतली. ताण्यातून एक धागा वर, एक खाली, हे काम तिला डोळे मिटूनही येत होतं. त्या दुपारी मात्र धागे एकमेकांत अडकत होते, उसवत होते, पुन्हा अडकत होते. आपल्याला काय हवंय हे तिला ठाऊक होतं. आपल्याला आईचा रिपोर्ट वाईट यायला हवा होता. हे वाक्य मनात पुरतं उमटलं तशी ती दचकली, पण जागची उठली नाही. संध्याकाळपर्यंत ती तशीच बसली. रात्री आईने दुपारचं उरलेलं सूप पुन्हा घेतलं, तेव्हा थोरली डोकं दुखतंय म्हणून आपल्या खोलीत पडून राहिली.

सकाळी आईला उठवेना. "पायात जीवच नाही गं," ती म्हणत होती, "आणि छातीत काहीतरी फडफडतंय." धाकटी घाबरून रडायला लागली. थोरलीने नवऱ्याला हाक मारली तो आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. इस्पितळात आईच्या छातीला तारा लावल्या, शिरेत औषधं सोडली, नर्सा धावू लागल्या. बाहेरच्या बाकावर थोरली दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. नवरा काहीतरी बोलायला गेला आणि तिचं तोंड बघून पाण्याची बाटली भरून आणायला उठला.

दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "धोका टळला. पोटॅशियम भयंकर वाढलं होतं. खाण्यात नवीन काय आलं?"

धाकटीने रडत रडत मिठाचं सांगितलं.

"अहो, ते यांना चालतच नाही!" डॉक्टरीणबाई थोरलीकडे वळल्या. "तुम्हाला तर ठाऊक असणार. तुम्ही पाहिलं नाहीत का ते?"

धाकटी बघत होती. नवरा बघत होता.

"नाही," थोरली म्हणाली.

"तरीच. तुम्ही पाहिलं असतं तर हे घडलंच नसतं. एक मात्र चांगलं आहे. आजच्या तपासणीत किडनीचं काम जरा सुधारलेलं दिसतंय. पेशींनी आपलं काम केलंय असं म्हणायला जागा आहे. आता पथ्य सांभाळा."

आई घरी आली ती थोरलीचा हात धरून. "आता स्वयंपाकघर तूच बघ बाई," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय माझं काही खरं नाही." किती वर्षं हे वाक्य ऐकायचं होतं थोरलीला! आता ते आलं, आणि तिने आईची चादर उगाचच नीट केली. आई धाकटीशी तुटकपणे बोलू लागली. खिडकीशी केस विंचरणं थांबलं. धाकटीने रजा आवरती घेतली आणि बॅग भरायला काढली. थोरलीला जे जे हवं होतं ते ते सगळं तिला मिळालं होतं.

निघायच्या दिवशी धाकटी म्हणाली, "ते पाकीट मी माझ्या हाताने फेकून देते, म्हणजे पुन्हा कुणाची चूक व्हायला नको." इस्पितळाच्या धावपळीत ते फळीवर मागे सारलेलं राहिलं होतं. थोरली दारात उभी होती. धाकटीने पाकीट काढलं आणि ती थबकली.

पाकिटाचं तोंड दोनदा दुमडून वर टाचणी लावलेली होती. निळ्या मण्याची, बारीक, रफूवाल्यांची टाचणी. या घरात पिठाच्या पिशवीपासून औषधाच्या पुडीपर्यंत सगळ्यांची तोंडं एकच माणूस अशी बंद करायचं. मनगटावर टाचण्यांची उशी बांधून वावरणाऱ्या थोरलीला उघडं पाकीट बघवतच नसे. हात आपोआप जायचा. त्या दुपारीही गेला होता आणि तिला पत्ताही लागला नव्हता.

धाकटीने मान वर केली. दोघींची नजर भिडली. थोरलीला वाटलं, आता ही किंचाळेल. किंचाळावं तिने. पाकीट तोंडावर फेकून मारावं.

"काय शोधताय गं दोघी?" आतून आईने विचारलं.

"काही नाही आई," धाकटी म्हणाली. "कचरा टाकतेय."

तिने टाचणी उपसली. थोरलीचं मनगट हातात घेतलं, टाचणी उशीत नीट खोचली आणि पाकीट डब्यात टाकून झाकण लावलं. आपली बदनामी पदरात बांधून ती मुकाट्याने जाणार होती, आणि थोरलीला आईजवळ चांगली ठेवून जाणार होती.

थोरलीच्या पोटातली जुनी आग भडकली. पेशी हिच्या वाढल्या. हसू हिला मिळालं. आणि आता हेही हिनेच करायचं? आपण पापाच्या राशीवर बसायचं, आणि गप्प राहण्याचा मोठेपणाही हिनेच उचलून न्यायचा? नाही. एवढं सहन होण्यासारखं नव्हतं. ती तशीच फणकाऱ्याने आईच्या खोलीत शिरली.

"आई, मी पाहिलं होतं ते पाकीट."

आईने उशीवरून मान उचलली.

"मला माहीत होतं त्यात काय आहे. तू सूप पीत होतीस तेव्हा मला माहीत होतं. मी बोलले नाही."

"का गं?" आईने विचारलं. रागाने नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं.

"तू म्हणालीस हिच्या हाताला चव आहे."

बोलून झालं आणि खोलीत किती लहानसं वाटलं ते! आईने डोळे मिटले. मग ती म्हणाली, "पाणी हवंय."

थोरलीने टेबलावरचा पेला उचलला.

"तू नको," आई म्हणाली, आणि भिंतीकडे वळली. "तिला पाठव."

थोरली पेला घेऊन स्वयंपाकघरात आली. धाकटी खांद्याला बॅग लावून उभी होती. तिने सगळं ऐकलं असावं, कारण तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"कशाला सांगितलंस ताई? मी कधीच बोलले नसते."

"म्हणूनच," थोरली म्हणाली आणि पेला पुढे केला. "आई पाणी मागतेय. तुझ्या हातून."

धाकटीने बॅग खाली ठेवली. पेला घेऊन ती नळाखाली धरून उभी राहिली. तिचं लक्ष नव्हतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पेला भरत आला, लाल दोरा बुडाला, पाणी काठाशी आलं.

"दोऱ्यापर्यंतच," थोरली म्हणाली.

धाकटीने वरचं पाणी ओतून दिलं आणि ती आत गेली.